पहिल्या दिवसाचा मासा

किर्कॅलन गावात मासा म्हणजे सॅल्मन. नदीत ट्राउट असतात, ईल असतात, पण त्यांना कोणी मासा म्हणत नाही. ट्राउटला ट्राउट म्हणतात, आणि तेही खालच्या आवाजात. या हिशेबाने पाहिलं तर डूगल रेनीने बावीस वर्षांत एकही मासा पकडला नव्हता, आणि तो किर्कॅलन मत्स्य मंडळाचा सचिव होता.

सचिव म्हणून मात्र त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. परवाने तो द्यायचा. मंडळाची नोंदवही तो ठेवायचा, आणि ती अशा अक्षरात की परगावचे लोक ती नुसती बघायला यायचे. मंडळाचे सोळा नियम त्यानेच लिहिले होते. ‘केल्ट कसा ओळखावा’ हे पत्रकही त्याचंच, चित्रांसकट. केल्ट म्हणजे अंडी घालण्याचा संसार उरकून, अंगाचं चिपाड होऊन समुद्राकडे परत निघालेला सॅल्मन. जानेवारीत नदीत असतात ते बहुतेक हेच. त्यातले काही जाता जाता पुन्हा चांदीसारखे चकचकीत होतात आणि भल्याभल्यांना फसवतात. केल्ट लागला तर सोडायचा आणि गप्प बसायचं, त्याची गणती माशांत होत नाही. केल्ट धरून ‘मासा, मासा’ ओरडणाऱ्याचं नाव किर्कॅलनमध्ये पुढची दहा वर्षं निघतं.

डूगलचं खरं दुखणं मात्र दिवाणखान्यात होतं. तिथे शेगडीवरच्या फळीवर त्याच्या सासऱ्यांचा फोटो होता. लॉकी ड्रमंड, गावचे पोस्टमन, हातात पहिल्या दिवसाच्या माशाचा चषक. हंगामाच्या पहिल्या दिवशी पहिला मासा धरणाऱ्याचं नाव त्या चषकावर कोरतात, आणि लॉकींचं नाव त्यावर तीनदा होतं. डूगलच्या लग्नात त्यांनी सगळ्या पाहुण्यांदेखत म्हटलं होतं, “पोरगा गुणी आहे. अक्षर सुंदर आहे. पण हात माशाचा नाही.” लॉकींना जाऊन बारा वर्षं झाली, तरी फोटोतून ते रोज जेवताना तेच म्हणत असल्याचा डूगलला भास व्हायचा. या फोटोसमोर आपलंही नाव एकदा चषकावर दाखवावं, एवढीच त्याची इच्छा होती. माणसाने काही फार मागितलं होतं असं नाही.

आणि यंदा योगच तसा आला. पंधरा जानेवारीला हंगाम उघडतो तेव्हा मंडळाचे अध्यक्ष नदीला व्हिस्की वाहतात आणि पहिला गळ टाकतात. अध्यक्ष म्हणजे ओगिल्वी स्ट्रँग, गावचे दंतवैद्य. ते एक जानेवारीला स्वतःच्याच दवाखान्यासमोर बर्फावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून शहरातल्या इस्पितळात पडले. उपाध्यक्ष स्पेनला उन्हात. नियम तीनप्रमाणे मान सचिवाकडे.

“वा!” एफी म्हणाली. एफी म्हणजे डूगलची बायको. “मग आता ती रबरी विजार शिवून घे. मागच्या वर्षी तुझ्या डाव्या पायात इतकं पाणी होतं, त्यात मासा सापडला असता.”

छातीपर्यंत येणारी ती रबरी विजार गुडघ्यात फाटली होती. नखाएवढं भोक. काम पाच मिनिटांचं. पण पाच मिनिटांचं काम शेजाऱ्यांना कळलं की त्याचं काय होतं, हे जगातल्या सगळ्या गावांना ठाऊक आहे.

पहिला आला टॅम बॅक्स्टर, शेजारचा निवृत्त प्लंबर. त्याने भोकाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि मग फडताळावरच्या बाटलीकडे पाहिलं. ती नदीला वाहायची मंडळाची बाटली होती, सचिवाच्या ताब्यात दिलेली.

“थंडीत डोकं चालत नाही बघ, डूगल,” तो म्हणाला.

एक पेला झाल्यावर डोकं चाललं. सायकलचं ठिगळ लावू नकोस, ते पाण्यात सुटतं, असा सल्ला मिळाला. दुसऱ्या दिवशी तोच टॅम पुन्हा आला आणि म्हणाला की नाही, सायकलचंच लाव. त्यासाठी दुसरा पेला लागला. मग समोरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या मिसेस क्रॉम्बी काठी टेकत आल्या. त्यांचे यजमान मेण वापरत. मेणाची हकिगत दोन पेल्यांची होती, कारण तिच्यात यजमानांचं आजारपणही होतं. मग पोस्टवाला, मग दूधवाला, मग रस्त्याने सहज चाललेला एक माणूस, ज्याचं नाव डूगलला आजतागायत कळलेलं नाही. फुकटच्या सल्ल्याला किंमत नसते म्हणतात. इथे प्रत्येक सल्ला बोटभर व्हिस्कीला पडत होता, आणि भोक आहे तिथेच होतं.

शेवटी टॅमने वैतागून नळ जोडायचा डिंक आणला. “हा लावला की पाणी काय, पापसुद्धा आत शिरणार नाही.” त्याने विजार उलटी करून, जीभ बाहेर काढून, भरपूर डिंक लावला. मग दोघांनी ती स्वयंपाकघरातल्या छताच्या दांडीवर, चुलीच्या उबेला वाळत घातली. दोन्ही पाय शेजारी शेजारी, शहाण्या मुलांसारखे. सकाळी काढायला गेले तर दोन्ही पाय गुडघ्याशी एकजीव झाले होते.

“भोक बुजलं की नाही?” टॅम म्हणाला.

“टॅम, मी काय जलपरी आहे?”

एफी हसून हसून खुर्चीत बसली. डूगलला ते लागलं. नवऱ्याचा अपमान झाला तर बायकोने निदान तोंड फिरवून हसावं, असं त्याचं मत होतं.

मिसेस क्रॉम्बींनी यजमानांची विजार दिली. कै. क्रॉम्बी साडेसहा फूट उंच होते आणि रुंदीलाही त्यांनी हात आखडता घेतला नव्हता. डूगल आत उतरला तेव्हा वरून फक्त टोपी दिसत होती. एफीने विजार काखेखाली दुमडली, कपडे वाळत घालायच्या दोरीने तीन वेढे देऊन बांधली आणि म्हणाली, “चाल.” डूगल चालला. विजार थोड्या वेळाने चालली.

हे होतंय तोवर दुष्काळात तेरावा महिना यावा तसा परवान्याचा प्रश्न उभा राहिला. डूगलकडे स्वतःचा यंदाचा परवाना नव्हता. नियम नऊ: परवाना देणाऱ्याने स्वतःचा परवाना स्वतः देऊ नये, त्यावर अध्यक्षांची सही असावी. हा नियम डूगलनेच लिहिला होता, कारण त्याच्या आधीच्या सचिवाने स्वतःला सात परवाने दिले होते, त्यांतला एक कुत्र्याच्या नावाने.

“अरे, मार की सही स्ट्रँगची!” टॅम म्हणाला. “दातांच्या डॉक्टरची सही कुणाला वाचता येते?”

“टॅम, मी सचिव आहे,” डूगल म्हणाला, आणि बर्फातून बस धरून शहरात गेला.

इस्पितळात नर्सने विचारलं, “नातेवाईक?”

“सचिव.”

“सचिव नातेवाइकांत येत नाही. इतरांची भेटीची वेळ चार ते पाच.”

तेव्हा दोन वाजले होते. डूगलला राग आला नाही, उलट बरं वाटलं. नियम पाळणारं कोणीतरी भेटलं होतं. तो दोन तास बाकावर ताठ बसून राहिला. त्या दोन तासांत कै. क्रॉम्बींच्या विजारीवरून दोन रोग्यांनी त्याला सल्ला दिला, कारण त्याने ती सोबत आणली होती. बसमध्ये ती घालून सरळ चालायचा सराव होईल, असा त्याचा विचार होता.

स्ट्रँग पाय वर टांगून पडले होते. त्यांचं नाव चषकावर सहादा होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं.

“आण इकडे कागद. सही काय, करतो मी,” ते म्हणाले. “पण मासा तुला लागायचा नाही, डूगल. तू पाण्यात उभा राहिलास की मासे रांग लावतात, परवाना मागायला.” पलीकडच्या खाटेवरचा माणूस ओळखदेख नसताना हसला. “आणि चषक इथेच, माझ्या खाटेशेजारच्या कपाटात आहे. नीट पुसून ने. माझी नावं चोळू नकोस फार, झिजतील.”

डूगल बसमध्ये चषक मांडीवर घेऊन बसला. तळाला थोडी मोकळी जागा उरली होती, एका नावापुरती. त्या जागेवरून त्याने तीनदा अंगठा फिरवला. मनात आलं, देवा, एकदाच. पुन्हा मागणार नाही.

पंधरा तारखेला, शनिवारी सकाळी नदीत बर्फाचा चुरा वाहत होता. काठावर अख्खं गाव, बॅगपाइप वाजवणारा थंडीने निळा पडलेला, आणि नावेशी मर्डो उभा. मर्डो नदीचा राखणदार. पन्नास वर्षं साहेबलोकांना मासे दाखवण्यात त्याची गेली होती. तो शंभर पावलांवरून माशाचं लिंग सांगायचा.

डूगल विजारीसह आला तेव्हा मर्डोने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “आत आणखी कोणी आहे का, रेनीसाहेब?”

डूगलला वेगळीच चिंता होती. सकाळी बाटली उचलली तेव्हा ती हलकी लागली होती. सल्ल्यांमध्ये संपली होती. पंधरा जानेवारीला सकाळी सातला किर्कॅलनमध्ये व्हिस्की मिळणार कुठे? एफीने क्षणाचाही विचार न करता त्या बाटलीत आपली आल्याची वाईन भरली होती, पोराबाळांना नववर्षाला देतात ती, मद्याचा थेंब नसलेली. “रंग तोच आहे,” ती म्हणाली. “नदीला काय कळतंय?”

डूगलने दोन कानांच्या वाटीत ती ओतली, नावेच्या नाळेवर धार धरली आणि म्हणाला, “हे नदी, जे देशील ते आम्ही मानाने घेऊ.” मग रिवाजाप्रमाणे वाटी फिरली. पहिला घोट टॅमने घेतला. त्याचे डोळे मोठे झाले, तोंड उघडलं. तेवढ्यात एफीने त्याच्याकडे पाहिलं. व्हिस्की कोण प्यायलं हे त्या नजरेत इतकं स्पष्ट होतं की टॅमने घोट गिळला आणि म्हणाला, “जुनी आहे. फार जुनी.” त्यानंतर ज्याने ज्याने घोट घेतला तो तेच म्हणाला. मिसेस क्रॉम्बींनी दोन घोट घेतले आणि खोकला थांबला म्हणाल्या.

डूगल पाण्यात उतरला. पहिला गळ टाकला तो पाठीमागच्या झाडात. मर्डो निमूटपणे झाडावर चढला. दुसरा गळ विजारीच्याच दोरीत अडकला. तिसऱ्या वेळी गळाच्या काठीला दोर ओवायच्या कड्यांत बर्फ जमला, तो सगळ्यांदेखत चोखून काढावा लागला, आणि एक कडी ओठाला चिकटली. काठावरून सल्ले सुरू झाले. “फुंकर मार!” “जोरात ओढ!” “ओढू नकोस, ओठ जाईल!” मर्डोने वाटीत उरलेली आल्याची वाईन त्याच्या ओठावर ओतली आणि कडी सुटली. चौथ्यांदा, कुणालाच बघावंसं वाटत नव्हतं तेव्हा, दोर पाण्यात नीट पडला, प्रवाहाबरोबर वळला, आणि थांबला.

डूगलला वाटलं, दगड. दगड चालू लागला.

“मासा!” टॅम ओरडला. “डूगलला मासा!”

पुढची दहा मिनिटं डूगलला नीट आठवत नाहीत. काठी वाकली होती, बोटं कुठे आहेत कळत नव्हतं, मर्डो “सोड, सोड, आता ओढ” म्हणत होता. मध्येच पाय घसरून तो बसला, पण कै. क्रॉम्बींच्या विजारीत इतकी हवा होती की तो बुडेना. बसल्या बसल्या तो प्रवाहाबरोबर वीस हात खाली गेला, काठी मात्र वरच धरून. सगळं गाव काठाने त्याच्याबरोबर चाललं, पुढे पाइपवाला. आणि सगळ्यांच्या पुढे, माशांच्या खोक्यावर चढून, एफी ओरडत होती. बत्तीस वर्षांच्या संसारात ती त्याच्यासाठी कधी ओरडली नव्हती. त्याच्यावर ओरडली होती, ते वेगळं.

मासा जाळ्यात आला. लांब, चांदीसारखा. काठावर टोप्या उडाल्या. टॅमने चषक डोक्यावर धरला. पाइपवाल्याने विजयाची धून सुरू केली.

सुरुवातीच्या महिन्यांत मासा सोडावाच लागतो, तसा कायदाच आहे. डूगल गुडघाभर पाण्यात वाकला आणि त्याने मासा पाण्यातच अलगद धरला. हाताला पोट लागलं नाही. पाठीची रेघ शेपटीपर्यंत सरळ. शेपटीच्या कडा विरलेल्या. त्याने गालाची झडप बोटाने किंचित उचलली. आत कल्ल्यांना पांढऱ्या अळ्या चिकटलेल्या होत्या, तांदळाच्या कण्यांएवढ्या. पत्रकातलं चित्र क्रमांक तीन. ते त्याने स्वतः काढलं होतं, अळ्यांसकट.

केल्ट.

त्याने मर्डोकडे पाहिलं. मर्डोने पैलतीराकडे पाहिलं.

“माझा चष्मा घरी राहिला, रेनीसाहेब,” मर्डो म्हणाला. मर्डोने जन्मात चष्मा लावला नव्हता. “सोडा आता. गार पाण्यात हात फार वेळ ठेवू नयेत.”

हात उघडला की संपलं. मासा जाणार, अळ्या जाणार, आणि चषकावर नाव उरणार. काठावर एफी रडत होती, हसत होती आणि मिसेस क्रॉम्बींना मिठी मारत होती. डूगलच्या डोळ्यांपुढे तो फोटो आला. त्याने हात उघडला. मासा क्षणभर तिथेच थांबला, मग गेला.

“केल्ट होता,” डूगल म्हणाला.

“काय म्हणाला?” काठावरून कोणीतरी विचारलं.

“बारा पौंडांचा होता म्हणतोय!”

“केल्ट होता!”

“बघा, किती विनय!” मिसेस क्रॉम्बी म्हणाल्या.

पाइप जोरात वाजत होता. खरं बोलायचा निर्णय घ्यायलाच माणसाला इतकं जड जातं, पण घेतल्यावरही ते कोणी ऐकणार नाही, याची कल्पना त्याला नव्हती. शेवटी तो तसाच फतक फतक काठावर आला, पाइपवाल्याची हवेची पिशवी दोन्ही हातांनी दाबून धरली, आणि त्या बिचाऱ्या वाद्याचा शेवटचा चीत्कार विरल्यावर ओरडला, “केल्ट! केल्ट होता तो! माझं चुकलं नाही, कल्ल्यात अळ्या होत्या! नोंद होणार नाही!”

इतकी शांतता झाली की बर्फाचा चुरा घासल्याचा आवाज ऐकू आला. टॅमने चषक हळूच डोक्यावरून खाली घेतला. एक एक जण खानावळीकडे, गरम सूपकडे निघाला. त्या दिवशी दुसऱ्या कुणालाही मासा लागला नाही.

घरी एफीने त्याच्या अंगावरची दोरी सोडली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं. डूगलने नोंदवही उघडली आणि सुंदर अक्षरात लिहिलं: ‘पहिला दिवस. मासे नाहीत.’ मग फोटोकडे पाठ करून जेवला.

सोमवारी दार वाजलं. टॅम होता. हातात अख्खी, बंद बाटली.

“डूगल, ते नव्व्याण्णव सालचं…” तो पायपुसण्याकडे बघत म्हणाला. “माझा पहिल्या दिवसाचा. नऊ पौंडांचा.”

“त्याचं काय?”

“नऊ पौंडांचाच होता. पण पोट नव्हतं त्याला, डूगल. मी बघितलं होतं. खोडून टाक बाबा. शनिवारपासून जेवण जात नाही.”

डूगलने रीतसर अर्ज लिहून घेतला, सही घेतली आणि नोंद खोडली. मंगळवारी दूधवाला आला. बुधवारी दोघे आले, एकमेकांना बघून गडबडले आणि हवामानाबद्दल बोलू लागले. प्रत्येकाच्या हातात बाटली होती. गुरुवारी मर्डो आला. त्याच्या नावावर काहीच नव्हतं, पण त्याने एका बैठकीत अकरा साहेबलोकांचे केल्ट सांगितले. ‘ऐकीव माहिती’ म्हणून डूगलने ते अमान्य केले. शुक्रवारी इस्पितळातून चिठ्ठी आली. अक्षर लागायला अर्धा तास गेला: ‘माझ्या सहांतून दोन वजा कर. कोणते ते तुला माहीत असेल, तू मेला सगळं बघत असतोस. स्ट्रँग.’ खाली सही होती, आणि नियमाप्रमाणे नर्सची साक्षही. फडताळात बाटल्यांना जागा उरली नाही.

रविवारी चर्चमधून आल्यावर एफी कोट न काढताच शेगडीपुढे उभी राहिली. नोंदवही टेबलावर उघडीच होती.

“डूगल,” ती फोटोकडे बघत म्हणाली, “चौऱ्याहत्तर सालचा बाबांचा मासा. दुसरा.”

डूगलने लेखणी खाली ठेवली.

“आईने मरताना मला सांगितलं. तो केल्ट होता. बाबा कधी बोलले नाहीत, पण दर जानेवारीत झोपेत म्हणायचे, सोडा मला, सोडा मला. आईला वाटायचं मासाच बोलतोय.” ती फोटोकडून त्याच्याकडे वळली. “शनिवारी तू त्या पाइपवाल्याला धरून ओरडलास ना, तेव्हा मला शरम नाही वाटली. बोलले नाही, कारण बोलले असते तर हे सांगावं लागलं असतं. आता सांगितलं. खोड ती नोंद. तूच खोड.”

डूगलने चौऱ्याहत्तर सालचं पान काढलं. आधीच्या सचिवाचं गिचमिड अक्षर: ‘एल. ड्रमंड, १४ पौंड.’ बत्तीस वर्षं ज्या माणसाने त्याला जेवू दिलं नव्हतं, तो एका ओळीवर आडवा पडला होता. त्याने लेखणी पुन्हा उचलून शाईत बुडवली. डूगलने फोटोकडे पाहिलं. म्हाताऱ्याने चषक फार घट्ट धरला होता, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं.

“खोडता येणार नाही,” तो म्हणाला.

“का?”

“नियम सतरा. ज्याच्या नावे नोंद आहे, त्याने स्वतः हजर राहून सही केल्याशिवाय नोंद खोडता येत नाही.”

एफीने डोळे पुसले. मंडळाचे नियम तिलाही पाठ होते, जेवताना ऐकून ऐकून. “नियम सोळाच आहेत, डूगल. सतरावा कधी झाला?”

डूगलने नोंदवहीचं शेवटचं पान उघडलं आणि खाली मान घालून, आपल्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहायला सुरुवात केली.

“होतोय,” तो म्हणाला. “शाई वाळू दे.”